हजेरी आणि विचारपूस

रविवारची पवित्र मिस्सा आटोपली, की चर्चच्या दाराशी एखाददुसरी माता मागे थांबून राहते. इतरांचे बोलणे संपण्याची ती वाट पाहत असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका मातेने आमच्या हाती एक चिठ्ठी दिली. तिच्यावर नांदेडमधील एका खोलीचा पत्ता आणि मुलाचा फोन नंबर होता. मुलगा पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठात गेला होता. "फादर, तिकडं गेलात तर पोरगं मिस्साला जातंय का, एवढं बघा," ती म्हणाली. फीसाठी मदत नको, वसतिगृहासाठी शिफारस नको. तिचे मागणे एवढेच होते.

अशी चिठ्ठी आपल्यापैकी अनेकांच्या घरातून केव्हा ना केव्हा निघाली असेल. मूल दहावी झाले की लातूरला जाते, पुढे नांदेडला, नाही तर पुण्याला. अंथरूण-पांघरूण बरोबर जाते, लोणच्याची बरणी बरोबर जाते; श्रद्धा बरोबर गेली की घरीच राहिली, हे मात्र आईबापांना कळायला मार्ग नसतो. म्हणून ती धर्मगुरूकडे येतात. ही काळजी खरी आहे आणि तिला हसण्याचे काही कारण नाही. परंतु या काळजीच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांमध्ये ख्रिस्तसभेने जे कार्य करावयाचे, त्याचे प्रयोजन तरी काय? आपली मुले आपल्यात राखणे, एवढेच काय?

पुष्कळ वर्षे आमचेही उत्तर तेच होते. आम्ही एक वही केली होती. नावे, गावे, महाविद्यालये आणि प्रत्येक नावापुढे रविवारांचे रकाने. जो आला त्याच्यापुढे खूण, जो आला नाही त्याचा रकाना मोकळा. खुणा वाढल्या की आम्हांला समाधान वाटे. आपल्या हातून प्रभूचे काम होत आहे, असेही वाटे.

एका संध्याकाळी त्या चिठ्ठीतला मुलगा आमच्यासमोर बसला होता. सलग चार रविवार तो आला नव्हता. आम्ही वही उघडून त्याला तारखा दाखविल्या. तो शांतपणे म्हणाला, "फादर, तुम्ही माझी हजेरी घेता. विचारपूस कोणीच करत नाही." मग हळूहळू तो बोलू लागला. नरहर कुरुंदकरांचे 'जागर' आणि त्यांचे आणखी काही लेखन त्याने वाचले होते. तेव्हापासून प्रार्थनेला उभे राहणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटू लागले होते. आपला विश्वास उरला आहे की नाही हेच ठाऊक नसताना गुडघे कसे टेकावेत, असा त्याचा प्रश्न होता. तो चुकवेगिरी करत नव्हता. खोटे वागायचे नाही, म्हणूनच तो आला नव्हता. आमच्या वहीत मात्र या दोन्ही गोष्टींसाठी एकच मोकळा रकाना होता.

कुरुंदकर हे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, थोर व्यासंगी आणि उघड नास्तिक. १९८२ साली त्यांचे निधन झाले. तरी नांदेडमधला वाचणारा विद्यार्थी आजही फिरून फिरून त्यांच्यापाशी येऊन पोहोचतोच. आम्ही स्वतः त्यांचे एक पानही तोपर्यंत वाचलेले नव्हते. त्या रात्री आम्हांला आमच्या वहीची नव्हे, आमच्या अज्ञानाची लाज वाटली. ज्या मुलाला आम्ही हरवलेले समजत होतो, तो जिथे पोहोचला होता तिथवर आम्ही गेलोच नव्हतो.

अशा वेळी संत लूकच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग आठवतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्येच मागे राहतो. पवित्र मरिया आणि संत योसेफ त्याला आप्तेष्टांत शोधतात, ओळखीच्या माणसांत शोधतात. तिसऱ्या दिवशी तो सापडतो, तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारीत. आईबापांचे दुःख शुभवर्तमानकाराने लपविलेले नाही. मरिया ते स्पष्ट बोलून दाखवते. परंतु मूल हरवले नव्हते, हेही तो तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ते अशा जागी होते, जिथे शोधावे असे आईबापांच्या मनात आले नव्हते. आपली मुलेही आज गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकत आहेत आणि विचारीत आहेत. आपण मात्र त्यांना अजून ओळखीच्या माणसांतच शोधत आहोत.

आता मराठवाड्यातील या दोन शहरांकडे पाहू. लातूर आणि नांदेड यांच्यामध्ये अहमदपूर, लोहा अशा वाटेने एस.टी.चा काही तासांचा प्रवास आहे. गेल्या तीन-चार दशकांत लातूरने परीक्षेच्या तयारीत सगळ्या महाराष्ट्रात नाव मिळविले. 'लातूर पॅटर्न' हा शब्द घरोघरी गेला. जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले येतात, एका खोलीत तिघे-चौघे राहतात, मेसचे जेवतात, पहाटे उठतात आणि सराव परीक्षेतील गुण भिंतीवर लिहून ठेवतात. या कष्टांना आम्ही नावे ठेवणार नाही. शेतकऱ्याची, मजुराची मुले या वाटेने डॉक्टर झाली, अभियंते झाली. पण या शहरात मुलाला दिवसातून अनेक वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: किती? किती गुण, कितवा क्रमांक, किती कमी पडले? 'कशासाठी?' हे विचारायला कोणाला सवड नसते. आणि गुण कमी पडले, की त्या मुलाला वाटते आपण स्वतःच कमी पडलो. या एका वाटण्यापायी कोवळ्या जिवांनी काय काय करून घेतले आहे, ते येथे लिहिण्याची गरज नाही.

नांदेडच्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर एका संन्याशाचे नाव आहे. मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव देण्यात आले. स्वामीजी मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी मुलांना शिकविले आणि पुढे निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केले. भगवी वस्त्रे धारण केलेला हा माणूस विद्यार्थ्यांत का रमला असेल? विद्येचा उपयोग केवळ स्वतःच्या पोटासाठी करावयाचा नसतो, हे त्याला ठाऊक होते. 'कशासाठी?' हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी बाहेरून आणलेला नाही. तो त्या प्रवेशद्वारावरच लिहिलेला आहे.

या प्रश्नाला सोबत करणे, हेच आमच्या मते विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती सेवाकार्याचे प्रयोजन होय. उत्तर हाती ठेवून निघून जाणे हे ते प्रयोजन नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने बोट दाखवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. कॅथॉलिक नसलेल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आणि केंद्रे असावीत, तेथे निवडक आणि तयारीचे धर्मगुरू, व्रतस्थ आणि प्रापंचिक यांनी तरुणांना आध्यात्मिक व बौद्धिक साह्य सातत्याने द्यावे, असे त्यात सांगितले आहे. येथे 'बौद्धिक' हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसत्या जपमाळेने भागेल असे परिषदेला वाटले नाही. त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला होता, तेव्हा, १८५२ साली, जॉन हेन्री न्यूमन यांनी डब्लिन येथे विद्यापीठाच्या कल्पनेवर व्याख्याने दिली. २०१९ साली ते संत म्हणून घोषित झाले. ज्ञान ही स्वतःच एक मोलाची वस्तू आहे, पण ज्ञान म्हणजे सद्‌गुण नव्हे, असे त्यांनी निक्षून सांगितले. विद्यापीठाने माणसाला पवित्र करावे अशी अपेक्षा त्यांनी केली नाही. आणि धर्माने विद्यापीठाचे तोंड बंद करावे, असेही ते म्हणाले नाहीत.

आपल्या देशातही हा विचार जुना आहे. ऑल इंडिया कॅथॉलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन, म्हणजे 'आयकफ', ही विद्यार्थी चळवळ १९२४ साली मद्रास प्रांतात सुरू झाली. प्रारंभी तिचा भर कॅथॉलिक विद्यार्थ्यांना एकत्र आणण्यावर होता. १९७० साली मद्रासजवळील पूनमल्ली येथील अधिवेशनात याच विद्यार्थ्यांनी आपला मोहरा गरिबांकडे आणि अन्यायाच्या प्रश्नाकडे वळविला. म्हणजे जमलेल्या मुलांनीच एके दिवशी विचारले, की आपण जमलो ते कशासाठी? खरे सेवाकार्य झाले, की हा प्रश्न आपोआप उगवतो.

आता काही जण म्हणतील, की शंका विचारणाऱ्या मुलांना उत्तेजन दिले तर श्रद्धाच जाईल. आम्ही नम्रपणे उलट सांगू. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारताना घातलेला सदरा विसाव्या वर्षी अंगात शिरत नाही, म्हणून कोणी कपडे घालणे सोडत नाही; मोठा सदरा शिवतो. आपल्या मुलांचे शास्त्र वाढले, इतिहास वाढला. त्यांचे धर्मशिक्षण मात्र सातवी-आठवीत थांबले. मग भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आपल्या विद्येची तुलना बालपणीच्या उत्तरांशी करतो आणि दोन्हींतील एक टाकून देतो. विश्व प्रसरण पावत आहे हा विचार १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथॉलिक धर्मगुरू होते, आणि अनुवंशाचे नियम वाटाण्याच्या रोपांवरून शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे मठवासी होते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. नुसती ही नावे घेऊन शंका फिटत नाही, हे आम्ही जाणतो. पण या घरात विचार करण्याला मनाई नाही, एवढे तरी त्याला त्यावरून कळते.

काही शंका मात्र पुस्तकाने फिटत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. जगात अनिष्ट का आहे, या विषयावरची आमची टिपणे नीटनेटकी होती. मदतीसाठी गेलेल्यांबरोबर आम्हीही गेलो. ढिगाऱ्याशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी आम्हांला काहीच विचारले नाही. फक्त हाताने दाखवीत राहिले, येथे स्वयंपाकघर होते, येथे सून निजली होती. आमच्या टिपणांतले एकही वाक्य त्या जागी उच्चारण्याजोगे नव्हते. आम्ही त्यांच्याशेजारी बसलो, एवढेच केले.

पुढे वाचनात आले, की त्या रात्री इतकी माणसे दगावली ती विशेषतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या जड धाब्याखाली. म्हणजे बांधकामाची विद्या हीदेखील शेजाऱ्यावरील प्रीतीची एक रीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हाही तेच दिसले. मांजरा खोऱ्यातील भूजलाचा अभ्यास करणारा विद्यार्थी नकळत एक धार्मिक प्रश्न सोडवीत असतो: तहानेल्याला पाणी कोण देणार? शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू जे विचारणार आहे, त्यात पाणी आहे. हे त्याला दाखवून देणे, हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे.

यापुढचा विषय अवघड आहे. परंतु तो टाळला तर या लेखाला अर्थ उरणार नाही. मराठवाड्यातील आपली पुष्कळशी कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजांतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती माणसाला तो दर्जा मिळाला नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. कायद्याचे हे वाक्य विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या मुलापुढे अर्जातील एक रकाना होऊन उभे राहते. घरात क्रूस, कागदावर दुसरे काही, आणि मनात कायमची धास्ती. असा विद्यार्थी वर्गात कोणाला आपले बाप्तिस्म्याचे नाव सांगत नाही. चर्चला येतो तेव्हा मागे बसतो. आमच्या वहीत नाव लिहायला तो का कचरतो, हे आम्हांला फार उशिरा कळले.

अशा मुलाला काय सांगावे? खोटे लिही, असे धर्मगुरू कधीही सांगू शकत नाही. सत्याची किंमत माणसाला द्यावीच लागते. पण ती किंमत एकट्या अठरा वर्षांच्या मुलाने द्यावी आणि आपण त्याच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करीत बसावे, हेही न्यायाचे नाही. ज्या समाजाला आपल्या सभासदाच्या धैर्याचा अभिमान मिरवायचा आहे, त्याने त्या धैर्याचा खर्चही वाटून घेतला पाहिजे. सवलत नाकारून जो खरे लिहितो, त्याची फी कोण भरणार? याचे उत्तर धर्मग्रामाने द्यावयाचे आहे. आणि जो घाबरला, त्याला चर्चच्या मागच्या बाकावर तरी निर्भय बसता आले पाहिजे. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत मराठवाड्यात काय घडले, किती घरे जळली, हे ज्यांनी पाहिले, त्यांना विद्येच्या दारातही जात उभी असते हे वेगळे सांगायला नको. त्या दारात आपण कोणाच्या बाजूला उभे होतो, असे मुले आपल्याला विचारतात. हा प्रश्न आम्हांलाही बोचतो.

आणखी एका शंकेचे निरसन केले पाहिजे. हे कार्य म्हणजे इतर विद्यार्थ्यांना ख्रिस्ती करण्याची युक्ती आहे काय? नाही. तसे कोणी करीत असेल तर ते चूक आहे. धर्मस्वातंत्र्याविषयीच्या ७ डिसेंबर १९६५ च्या घोषणापत्रात परिषदेने स्वच्छ सांगितले आहे, की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर बळजबरी होता कामा नये. गरजू विद्यार्थ्याला दिलेला डबा जर अट घालून दिला, तर तो डबा राहत नाही, सौदा होतो. नांदेडमध्ये तर हे शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये आमचे विद्यार्थी महिनाअखेरीस, मेसचे पैसे संपले, की जेवून येतात. तेथे पंगतीत बसणाऱ्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही. शीख बांधवांच्या या अन्नदानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. जो विद्यार्थी असे जेवला, त्याला प्रभूच्या मेजाचा अर्थ थोडा अधिक कळावा.

आता त्या मुलाविषयी. आम्ही कुरुंदकर वाचले. मग आम्ही दोघे अनेक संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बोलत बसलो. काही ठिकाणी आम्ही त्याला उत्तर दिले, काही ठिकाणी त्याने आम्हांला निरुत्तर केले. वाचकांना येथे अशी अपेक्षा असेल, की अखेर तो परत आला. तसे झालेले नाही. आज तो एका महाविद्यालयात शिकवितो, मिस्साला येत नाही. आपल्या पगारातून तो दोन मुलांच्या खोलीचे भाडे भरतो. त्यांतला एक आपल्या धर्माचा आहे, एक नाही. नाताळला त्याचा फोन येतो. आमच्या मनाला दुःख होते, ते आम्ही लपवीत नाही. पवित्र मिस्सा ही आमच्या जीवनाचा गाभा आहे; ती नसली तरी चालते, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु त्याची गोष्ट संपली, असेही आम्ही म्हणणार नाही. पेरणाऱ्याने रोज माती उकरून पाहू नये, इतके तरी मराठवाड्यातल्या माणसाला कळते.

मग हे सेवाकार्य यशस्वी झाले की अयशस्वी? हा प्रश्नही पुन्हा 'किती?' असेच विचारतो. विद्यार्थी हा चर्च भरण्याचे साधन नव्हे. देवाने त्याला त्याच्यासाठीच निर्माण केले आहे, आणि ख्रिस्त त्याच्यासाठीच मेला आहे. आपण त्याच्याबरोबर चालावयाचे, ते यासाठी.

हे काम एकट्या धर्मगुरूचे नाही. आपल्यांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत आणि एस.टी.त नोकरी करणारी माणसे आहेत. लातूर-नांदेडला ज्यांचे घर आहे, त्यांनी महिन्यातून एका रविवारी परगावच्या दोन मुलांना जेवायला बोलवावे. त्यांना उपदेश करू नये. वाढावे आणि ऐकावे. ज्यांनी शिक्षण घेताना उपास काढले, त्यांनी आपली गोष्ट त्यांना सांगावी. धर्मग्रामाने शिक्षणनिधी काढावा आणि तो देताना हजेरीपत्रक मागू नये.

आईबापांना आमची एकच विनंती आहे. आज रात्री फोन कराल तेव्हा मिस्साचे जरूर विचारा, पण ते शेवटी विचारा. आधी विचारा, जेवलास का? कोणाबरोबर राहतोस? सध्या काय वाचतोस? आणि त्याने जे पुस्तक सांगितले, ते आपल्याला समजणार नाही असे वाटले, तरी त्याचे नाव नीट ऐकून घ्या.

ती माता अजूनही मिस्सा संपल्यावर दाराशी थांबते. मागच्या महिन्यात तिने आम्हांला विचारले, "फादर, त्या पुस्तकात काय लिहिलंय ओ?" आम्ही तिला पायरीवर बसवून घेतले आणि जमेल तसे सांगितले. वही आम्ही आता ठेवत नाही.